पाटणचे माप



नोकरीच्या निमित्ताने मी खानदेशातली पुष्कळ गावे पायाखाली घातली. गिरणेचा काठ, पांझरेचा काठ, तापीचा काठ. कुठे मातीचे नमुने घ्यायचे, कुठे बोंडअळीची पाहणी, कुठे केळीच्या बागेत शिवारफेरी. पण जुने दगड पाहायला म्हणून मुद्दाम वाट वाकडी केली असे कधी झाले नाही. पडक्या गावात शेतकऱ्याने काय पाहायचे, अशी माझी आपली समजूत होती. गेल्या कार्तिकात ती समजूत मोडली. कशी मोडली, ते आज तुम्हाला सांगतो.

चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या पट्ट्यात माझ्या ओळखीचे एक जुने शेतकरी आहेत. सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांच्या घराण्याची कुलदेवता पाटणची चंडिका, म्हणजे आपली पाटणादेवी. दिवाळी झाली, मका घरी आला, तेव्हा वहिनींची मानता फेडायला जायचे ठरले. मी आदल्या दिवशी तिकडेच कामाला होतो. आबा म्हणाले, "साहेब, उद्या सुट्टी शे ना? मग चला आमच्यासंगे." मी मुक्कामाला राहिलो.

त्या संध्याकाळी खळ्यात मक्याचा ढीग पडलेला होता. मळणीयंत्रातून निघालेला, दोन उन्हे दिलेला, पिवळाधमक. दिवेलागणीला एक व्यापारी मोटारसायकलवरून आला. त्याने ढिगाभोवती एक चक्कर मारली, मूठभर दाणे हातात घोळवले आणि म्हणाला, "बारा क्विंटल भरेल, आबा. उक्ता देऊन टाका. मापाची कटकट नाही, हमाली नाही. पैसे रोख." आबा गप्प राहिले. तो गेल्यावर त्यांनी मला विचारले, "साहेब, खरं किती भरेल?"

मंडळी, खरे सांगतो, मला उत्तर देता येईना. पेरणीचे अंतर, नत्राची मात्रा, लष्करी अळीची फवारणी, हे सारे मी झोपेतही सांगेन. बी.एस्सी.ची पदवी आहे, नोकरीला तीस वर्षे होत आली. पण समोरच्या ढिगाचे वजन किती, हे मला सांगता आले नाही. "देवीहून आल्यावर पाहू," असे म्हणून मी वेळ मारून नेली.

रात्री झोप लागली नाही, त्याला आणखी एक कारण होते. मी सातवीत असताना माझ्या वडिलांनी ज्वारीची रास अशीच नजरेने विकली होती. दाणे गाडीत भरून गेल्यावर गाडीवानाकडून कळले की, सांगितले त्यापेक्षा तीन पोती जास्त भरली. सौदा झालेला, शब्द दिलेला. त्या वर्षी थोरल्या बहिणीची शाळा सुटली ती सुटलीच. वडील कुणाला काही बोलले नाहीत. पुढे मात्र ज्वारी विकताना ते ढिगाकडे पाहत नसत.

डोंगराच्या कुशीत

सकाळी आम्ही निघालो. आबा, वहिनी, नववीत शिकणारी त्यांची नात आणि मी. चाळीसगावपासून पाटणादेवी सुमारे १८ किलोमीटर. मध्य रेल्वेच्या भुसावळ-मुंबई मार्गावर चाळीसगाव स्टेशन आहे आणि धुळ्याचा फाटाही तिथूनच निघतो, त्यामुळे धुळे-जळगावच्या कोणत्याही गावाहून येणे सोपे. गाव सोडले की समोर सातमाळा-अजिंठ्याची डोंगररांग आडवी येते. कपाशी, मका, ऊस मागे राहतात, जमीन मुरमाड होत जाते आणि पाटणे गाव ओलांडले की जंगल सुरू होते. हे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य. १९८६ साली ते जाहीर झाले. काही भाग आपल्या जळगाव जिल्ह्यात, बाकीचा डोंगरापलीकडे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात.

साग, धावडा, पळस आणि मध्ये मध्ये सीताफळीची झुडपे. डोंगरी नदी दगडांतून खळाळत होती. पावसाळ्यात इथे धवलतीर्थ आणि केदारकुंड असे दोन मोठे धबधबे पडतात. कार्तिकात त्यांची धार बारीक झालेली असते, पण आटलेली नसते. आबा म्हणाले, "पानी शे म्हणूनच इथं गाव वसनं व्हयी." शेतकऱ्याची नजर आधी पाण्यावर जाते, ती अशी.

आज तिथे वस्ती नाही. पण डोळे उघडे ठेवून चालले की जुने गाव दिसू लागते. कुठे जोत्याचे घडीव दगड, कुठे झाडाच्या मुळांत अडकलेला खांबाचा तुकडा. वर कन्हेरगडाचा डोंगर. त्याच्या अंगात कोरलेली लेणी आहेत. एकीला नागार्जुन कोठडी म्हणतात, एकीला सीतेची न्हाणी. डोंगराच्या माथ्यापलीकडे पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, ती तर दोन हजार वर्षांहूनही जुनी. तिथल्या एका खांबावर पैठणच्या मितदेव नावाच्या गंध्याच्या घराण्याचे दान कोरलेले आहे. गंधी म्हणजे अत्तरे, सुगंधी द्रव्ये विकणारा. पैठणचा व्यापारी इतक्या लांब दान देतो, यावरून ही वाट किती वाहती असेल याचा अंदाज येतो.

झाडीत महादेवाचे जुने दगडी देऊळ आहे. त्यावर शके १०७५ चा, म्हणजे इसवी सन ११५३ चा लेख आहे. त्या काळी या मुलखात निकुंभ घराण्याचे राजे होते. इंद्रराजाने देऊळ बांधायला घेतले आणि तो वारला. मुलगा लहान. मग त्याची राणी श्रीदेवी हिने राज्य सांभाळले आणि नवऱ्याने आरंभलेले देऊळ पुरे झाले. मी हे सांगितल्यावर वहिनी थोडा वेळ देवळाकडे पाहत राहिल्या. त्यांचे थोरले दीर तरुणपणी गेले आणि जाऊबाईंनी एकटीने नांगर चालवून मुले मोठी केली, हे मला माहीत होते. "तिच्या नावाचा दगड तरी शे," एवढेच त्या म्हणाल्या.

दगड काय सांगतो

देवीचे देऊळ उंच जोत्यावर आहे. हेमाडपंती धाटणीचे, भिंतींना कोनावर कोन काढलेले. मानता फेडली, नारळ फुटला, प्रसाद झाला. मग मी सगळ्यांना तो शिलालेख दाखवला, ज्याच्याविषयी मी नुसते वाचले होते. मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला आणि १८६५ साली त्याविषयी लिहिले. तोवर आठशे पावसाळ्यांपैकी साडेसहाशे त्याने मुकाट्याने काढले होते.

आबांनी अक्षरांवरून बोट न लावता हात फिरवल्यासारखा केला आणि विचारले, "साहेब, हाऊ दगड काय सांगस?"

दगड सांगतो ते असे. भास्कराचार्य नावाचे थोर गणिती होऊन गेले. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी पंडित होता. नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे, पाटणला, मठ स्थापन केला. मठ म्हणजे त्या काळची शाळाच. निकुंभ घराण्यातल्या सोइदेव राजाने शके ११२८ मध्ये, श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाला, म्हणजे इसवी सन १२०७ साली, त्या मठाला दान दिले. पुढे हेमाडिदेवानेही दिले.

इथवरचा मजकूर संस्कृतात आहे. शेवटी दान कशाकशातून द्यायचे हे सांगायची वेळ आली, तेव्हा कोरणाऱ्याने संस्कृत सोडले आणि लोकांच्या मराठीत लिहिले. कारण ते बाजारातल्या माणसांना कळायला हवे होते. पाटणच्या पेठेत जो माल विकायला निघेल, त्यावर राजाकडे जाणारा जो कर गिऱ्हाइकाकडून घ्यायचा, तो मठाला दिला. काही मालावर सुपाऱ्या ठरवून दिल्या. जितके तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल. आणि पुढची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. इथे जे मोजायचे, ते मठाच्या मापाने मोजायचे. मापाईचा अर्धा वाटा मठाला, अर्धा मापाड्याला.

आबा हसले. "म्हणजे मार्केट कमिटीच व्हती की!"

खरेच तसे म्हणता येईल. आजही बाजार समितीची फी खरेदीदाराने भरायची असते. आठशे वर्षांपूर्वीही कर गिऱ्हाइकाकडूनच घेतला जात होता, आणि माप व्यापाऱ्याच्या घरचे नव्हे, तर शाळेचे होते. जिथे गणित शिकवतात तिथलेच माप खरे, असा तो व्यवहार.

लीलावतीतला ढीग

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४. आपले गाव सह्याद्रीच्या कुशीत आहे असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ते गाव कोणते यावर विद्वानांत वाद आहे, त्यात आपण पडायला नको. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० साली, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ लिहिला. लीलावती हा त्याचाच एक भाग. अकबर बादशहाच्या सांगण्यावरून फैजी या कवीने १५८७ साली त्याचे फारसीत भाषांतर केले, इतकी त्याची कीर्ती. १९७९ साली आपल्या देशाने पृथ्वीची पाहणी करणारा उपग्रह सोडला, त्यालाही भास्कर हेच नाव दिले.

पण लीलावती काही केवळ ग्रह-ताऱ्यांच्या माणसांसाठी नाही. तीत व्याज आहे, भागीदारी आहे, विहिरीचे खोदकाम आहे, लाकूड कापण्याची मजुरी आहे आणि खळ्यातली धान्याची रास आहे. देवळाच्या पायरीवर बसून हे सांगता सांगता मी मध्येच थांबलो. आदल्या संध्याकाळी आबांनी विचारलेला प्रश्न आठवला. त्याचे उत्तर मी कधीतरी वाचले होते आणि विसरून गेलो होतो.

भास्कराचार्य म्हणतात, सपाट जमिनीवर धान्य ओतले की रास आपोआप ठरावीक चढणीची होते. हरभऱ्यासारखे जाड धान्य असेल तर राशीची उंची तिच्या घेराच्या दहाव्या हिश्शाइतकी. मोहरीसारखे बारीक धान्य घसरते, पसरते, म्हणून त्याची उंची घेराच्या अकराव्या हिश्शाइतकी. भातासारखे कुसळाचे धान्य एकमेकांत अडकून उभे राहते, म्हणून त्याची नववा हिस्सा. मग घेराला सहाने भागायचे, जे येईल त्याचा वर्ग करायचा आणि त्याला उंचीने गुणायचे. राशीचे आकारमान निघाले. रास भिंतीला टेकून असेल तर दिसणारा घेर दुप्पट धरून हिशेब करावा आणि उत्तराचे अर्धे घ्यावे. आतल्या कोपऱ्यात असेल तर घेर चौपट धरावा आणि उत्तराचा चौथा हिस्सा घ्यावा.

आबांची नात सगळे ऐकत होती. गणितात ती काठावर पास होते असे वहिनी वाटेत सांगत होत्या. तिने विचारले, "साहेबकाका, मक्याला दहावाच धरायचा ना?" मी म्हटले, "घरी जाऊन पाहू."

मक्याच्या मुलखातली नगरे

परतताना गाडीत मक्याचाच विषय निघाला. वहिनींनी विचारले, हा मका इतका कुठून आला, त्यांच्या लहानपणी तर बांधाला चार ताटे असत. मी सांगितले की मक्याचे मूळ घर आपल्याकडचे नाही, ते समुद्रापार मेक्सिकोत. तिथल्या शेतकऱ्यांनी सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी एका रानगवतातून निवड करत करत मका घडवला. त्याच मक्यावर तिथे माया नावाच्या लोकांनी मोठमोठी नगरे उभी केली. ग्वाटेमालाच्या जंगलातले तिकाल हे त्यांपैकी एक. तिथली दगडी देवळे आज झाडीतून डोके वर काढून उभी आहेत, आपल्या पाटणसारखी, पण कितीतरी उंच. तेही गणितात हुशार. एकाला टिंब, पाचाला आडवी रेघ आणि शून्याला शिंपल्याची खूण करून ते कितीही मोठी संख्या लिहीत. शून्याची ओळख आपल्याला होती तशी, आपल्याशी काही संबंध नसताना, त्यांनाही झाली होती.

इसवी सन ८०० ते ९५० या काळात त्यांच्या दक्षिणेकडच्या नगरांतली वस्ती उठत गेली. लढाया होत्या, आणि वर्षानुवर्षे पडलेले दुष्काळ होते. तळ्यांच्या गाळातून शास्त्रज्ञांनी त्या दुष्काळांचा माग काढला आहे. नगरे गेली, पण माया लोक गेले नाहीत. आजही लाखो लोक त्या भाषा बोलतात आणि आपल्या शेतात मका पेरतात.

"राजाचं मोडस, शेतकऱ्याचं चालू राहस," आबा म्हणाले. मला पाटणच्या पेठेतले घाणे आठवले. तो बाजार मोडला, मठ मोडला, निकुंभांचे नाव आज कुणाला ठाऊक नाही. पण घाण्यात करडई-तीळ घालणारा, मापाड्यापुढे पोते उघडणारा शेतकरी तेव्हाही होता आणि आजही आहे.

दोरी आणि काठी

घरी पोचलो तेव्हा ऊन कलले होते. नातीने बैलाची दोरी आणली आणि ढिगाच्या पायथ्याभोवती फिरवली. घेर भरला ३० फूट. दहावा हिस्सा ३ फूट. मी काठी घेऊन उंची पाहिली, ती ३ फुटांच्या जवळजवळच होती. आठशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आमच्या खळ्यातल्या मक्याची उंची ठाऊक होती!

आता नातीने वहीत मांडले. ३० भागिले ६, आले ५. पाचाचा वर्ग २५. गुणिले ३, आले ७५ घनफूट. मग एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असे फळ्यांचे खोके होते त्यात मका भरून तो काट्यावर तोलला. भरला २० किलो. पंचाहत्तर वीस पंधराशे, म्हणजे १५ क्विंटल.

इथे एक बारकावा सांगतो. या रीतीत वर्तुळाचा घेर व्यासाच्या तिप्पट धरलेला आहे. तो खरे तर तिपटीहून थोडा जास्त असतो, आणि भास्कराचार्यांनी लीलावतीतच दुसरीकडे बारीक हिशेबासाठी अचूक आकडा दिला आहे. खळ्यातल्या कामासाठी त्यांनी सोपी रीत दिली. त्यामुळे उत्तर शेकडा चार-पाच जास्त येते, तेवढे वजा करावे. म्हणजे आमचा मका चौदा क्विंटलांच्या थोडा वर.

व्यापारी दुसऱ्या दिवशी आला. आबा म्हणाले, "भाऊ, उक्ता नाही. काट्यावर." तो वाद न घालता निघून गेला. माल वजनकाट्यावर गेला तेव्हा चौदा क्विंटल आणि वर काही किलो भरला. नजरेत आणि काट्यात दोन क्विंटलांचा फरक. आबांनी मला फोन करून आकडा सांगितला. पुढे म्हणाले, नातीने वहीतला तो हिशेब फाडू दिला नाही, भिंतीला चिकटवला आहे.

मला माझी बहीण आठवली. तिलाही नववीत असे कुणीतरी दोरी आणि काठी घेऊन दाखवायला हवे होते. ढिगाचे गणित येत असते तर आमच्या घरातही वेगळे झाले असते. सगळे नसते झाले कदाचित, पण तीन पोत्यांचे नक्कीच झाले असते.

जाणाऱ्यांसाठी थोडे

तुम्हीही पाटणला जा. नवरात्रात फार गर्दी असते. पावसाळा सरल्यावर, मार्गशीर्षापर्यंत, पाणीही असते आणि वाटही बरी असते. अभयारण्य असल्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर वेळ विचारून आत जावे आणि दिवस मावळायच्या आत परतावे, कारण बिबट्याचा वावर आहे. माकडांना खाऊ घालू नये. प्लॅस्टिक मागे ठेवू नये. दगडांवर नावे कोरू नयेत आणि शिलालेखाला तेल, शेंदूर, कुंकू, खडू काही लावू नये. ती अक्षरे आपल्या जुन्या मराठीची आहेत आणि त्यांत आपल्याच बाजाराचा हिशेब आहे.

शाळेत जाणारी मुले बरोबर न्या. त्यांना देवीचे दर्शन घडवा, महादेवाच्या देवळापाशी श्रीदेवी राणीची गोष्ट सांगा, मग दगड दाखवा. घरी आल्यावर खळ्यात जो ढीग असेल त्याचा घेर त्यांच्याकडून मोजून घ्या. ज्वारी असो, मका असो, हरभरा असो. खोके भरून तोला, हिशेब वहीत मांडा आणि काट्याशी ताडून पाहा. दोन-तीन हंगामांत तुमच्या धान्याचा आकडा तुम्हाला पक्का होईल. मग दारात येऊन कुणी ढिगाभोवती चक्कर मारली, तर तुम्हाला कुणा साहेबाला विचारावे लागणार नाही.